मंदशिळेच्या पायथ्याशी एक रात्र

"आधी मुक्काम ठरवा, मग चहा," डॉ. रुबिना मुल्ला म्हणाल्या. "पाचला शेवटचं यान सुटतं आणि आता सव्वाचार झालेत."

थरच्या वाळवंटात, जवळच्या गावापासून नव्वद किलोमीटरवर ते स्वागतकेंद्र होतं. काचेपलीकडे, दूर वाळूत, काळी मंदशिळा दिसत होती. बावीस वर्षांपूर्वी ती आकाशातून पडली आणि प्रवाशांना एक नवं ठिकाण मिळालं. शिळेसमोर फोटो काढायचा, दालबाटी खायची, उन्हाला नावं ठेवायची आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगायचं, एवढाच बहुतेकांचा कार्यक्रम असे. मृण्मयी हातवळणे मात्र फोटो काढायला आली नव्हती. तिचा नवरा कौस्तुभ शेजारच्या खुर्चीत श्वास सावरत बसला होता आणि त्याच्या हाती जेमतेम चार महिने उरले होते.

डॉ. मुल्ला मूळच्या मिरजेच्या. भौतिकशास्त्रात उभी हयात घालवून आता त्या आल्यागेल्याला कुठे राहावं याचा सल्ला देत बसल्या होत्या, आणि इथे तो सल्ला द्यायला भौतिकशास्त्रज्ञच लागत असे.

"शिळेच्या जवळ काळ मंद चालतो. जितकं जवळ जाल तितका मंद." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "हा बाहेरचा तळ. इथली रात्र म्हणजे रात्रच. हा मधला. इथे एक रात्र झोपलात की बाहेर महिना उलटतो. आणि हे पायथ्याचं विश्रामगृह. तिथली एक रात्र म्हणजे बाहेरची सात वर्षं."

"आम्हाला पायथ्याचं हवंय."

"कारण?"

"मज्जाक्षय," मृण्मयी म्हणाली. "अगदी दुर्मीळ विकार आहे. जगात त्याच्या औषधावर काम करणारी प्रयोगशाळा एकच, आणि मी तिथेच आहे. औषध निघायला अजून सहा वर्षं लागतील. याला तेवढा वेळ नाही. पण आज आत झोपलो तर उद्या उठू तेव्हा औषध तयार असेल."

"तर्क बरोबर आहे. पण तुम्ही आत गेल्यावर औषध करणार कोण?"

"आम्ही तिघं आहोत. केळुसकर सर आहेत, नाईक आहे. मी नसले तर फार तर सहाची साडेसहा वर्षं होतील."

"त्यांना सांगून आलात?"

मृण्मयीने नजर चुकवली. "चार दिवसांची रजा टाकलीय. भाचीच्या साखरपुड्याची."

डॉ. मुल्लांनी नकाशा बाजूला सारला. "आणखी एक. आत शिरताना हृदयावर भयंकर ताण येतो. रात्रभर विश्रांती मिळाली तर ते सावरतं. त्याआधी उलट फिरलं तर बंद पडतं. सुरुवातीला दोन माणसं गमावली आम्ही. तेव्हापासून आत गेलेलं यान तिथली सकाळ झाल्याशिवाय परतत नाही. आत बसल्यावर विचार बदलून उपयोग नाही. कळलं?"

"कळलं."

त्यांनी जाडजूड नोंदवही पुढे सरकवली. मृण्मयीने दोघांची नावं लिहिली, सही केली. आणि मग धर्मशाळेत, अतिथीगृहात, कुठेही गेलेला मराठी माणूस जे करतो तेच तिने केलं. आपल्याकडचं कोण येऊन गेलंय ते पाहायला मागची पानं उलटली. शेखावत, बॅनर्जी, पटेल, पुन्हा पटेल. बोट थांबलं.

विद्याधर केळुसकर, पुणे. सोबत पत्नी. मुक्काम पायथा. कारण: औषधाची वाट पाहणे.

तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती. सर तर कुलदैवताला जातो म्हणून कोकणात गेले होते. येताना आमसुलं आणा म्हणून तिनेच त्यांना सांगितलं होतं. तिने घाईघाईने पुढचं पान उलटलं. तीन दिवसांपूर्वी: तुषार नाईक, पुणे. सोबत धाकटी बहीण. मुक्काम पायथा. त्याने घराला रंग काढायला म्हणून रजा घेतली होती.

या आजाराच्या वाटेला दुसरं कोण जाणार होतं? ज्यांच्या घरात तो शिरला, तेच तिघं यात पडले होते. आणि बाकीचे दोघं आहेतच, या एका भरवशावर तिघंही गुपचूप निघून आले होते.

"नऊ दिवस म्हणजे आत किती?" तिने विचारलं.

"अडीच मिनिटं. त्यांनी अजून बूटही काढले नसतील."

"परत आणता येणार नाही?"

डॉ. मुल्लांनी नकारार्थी मान हलवली. घड्याळात पावणेपाच झाले होते.

कौस्तुभने वही ओढून घेतली, वाचली आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकल्याची उबळ आली. "एवढी शिकलेली माणसं तुम्ही! तिघांनी एकमेकांवर भिस्त ठेवलीत आणि प्रयोगशाळेला कुलूप!"

"गप्प बस रे." तिने वही त्याच्या हातून काढून घेतली.

"मी नाही जात. चल घरी. चार महिने तर चार महिने, तुझ्याबरोबर तरी काढीन."

त्या क्षणी तिला मनापासून हो म्हणावंसं वाटलं. चार महिने तिच्या डोळ्यांसमोर होते, खात्रीचे. दुसऱ्या बाजूला तिघांचं सहा वर्षांचं काम होतं आणि ते तिला एकटीने सातात उरकायचं होतं. जमेल का, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि नाही जमलं तर तीन आजारी माणसं सकाळी बाहेर येऊन तिच्याकडे पाहणार होती.

तिने पेन उचललं आणि वहीतलं स्वतःचं नाव खोडलं.

"तू एकटी? सात वर्षं?" कौस्तुभ ओरडला.

"तुझी एकच रात्र आहे. गोळी घे आणि झोप. फोन चाळत बसू नकोस." ती त्याच्या शर्टाची कॉलर उगाच नीट करत राहिली. "आज दोन वर्षांनी लहान आहे, उद्या मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी असेन."

"मग अहोजाहो करीन," तो म्हणाला.

पाचला दोन मिनिटं असताना तो यानात चढला. दार मिटताना, घरून कामाला निघताना म्हणायचा तसंच म्हणाला, "येतो गं."

"ये," ती म्हणाली. एवढं बोलेपर्यंत तिने रडू दाबून धरलं होतं.

यान वाळूवरून वेगात निघालं. मग हळू झालं, आणखी हळू, आणि शिळेच्या सावलीत शिरता शिरता जागीच खिळल्यासारखं दिसू लागलं. मागच्या काचेत कौस्तुभचा निरोपाचा हात वर गेलेला होता, आणि तो तसाच वर राहिला.

"तो हात खाली यायला आपल्याकडचे तीन तास लागतील," डॉ. मुल्ला हळूच म्हणाल्या. "बसा. आता तरी चहा घ्या."

मृण्मयीने डोळे पुसले आणि पिशवी उचलली. "नको. स्टेशनपर्यंत गाडी मिळेल का? सकाळच्या आत औषध तयार व्हायला हवं."