राखणदाराचा घास

हे माझ्यासमोर घडलं आहे. कुणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. मी नर्स आहे. पेशंटला किती ताप आहे तेवढंच कागदावर लिहायची सवय. हेही तसंच लिहिते आहे.

रविवार, १८ फेब्रुवारी १९९६. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून फेरीबोटीने तासाभरावर असलेलं एक बेट. नाव लिहीत नाही. तिथे कुणाचे तरी पूर्वज आहेत.

आम्ही तिघं होतो. मी सुखदा, माझा नवरा गुरुनाथ आणि चार महिन्यांसाठी मालवणकडच्या गावाहून आलेल्या सासूबाई, आशालता. नऊ दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. गावी सासरे एकटे. गुरुनाथने आदल्या रात्रीच त्यांना फोनवर सांगितलं होतं, "बाबा, जशी पाठवलीत तशीच परत पाठवतो तुमची बायको."

बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत ओलांडायचं. तिकडच्या धक्क्यावरून चारची फेरी. ती चुकली तर दुसरी नाही.

आईंचं वय बासष्ट. साडी खोचलेली, पायात इथल्या रबरी चपला, जॅंडल्स. आणि तरी आमच्या पुढे.

"काय रे गुरू, त्या जिममधल्या पट्ट्यावर रोज धावतोस ना? मग खऱ्या रस्त्यावर दम कसा लागला?"

"आई, तो पट्टा सपाट असतो."

"मग जग तसंच असेल असं वाटलं होय तुला!"

चालता चालता त्या ओव्या म्हणत. हातपाय हलले की तोंडात ओवी, आणि हातातल्या बांगड्यांचा ताल.

पाण्याच्या पल्याड, माझ्या बाळाचं बिऱ्हाड
उन्हा, तुला सांगते गं, त्याचं उघड कवाड

डोंगरमाथ्यावर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते.

तिथे दगडांच्या बुटक्या, ढासळलेल्या भिंती होत्या. उतारावर कापलेले सपाट टप्पे. धान्य साठवायचे खड्डे, आता गवताने भरलेले. कित्येक पिढ्यांपूर्वीचं, इथल्या मूळच्या माओरी लोकांचं गाव. वाटेत एक पाटी होती. गुरुनाथने वाचून सांगितलं, "ही जागा पवित्र आहे. इथे काही खाऊ-पिऊ नका."

"बरोबर आहे," आई म्हणाल्या. आणि पिशवीतून डबा काढला.

"आई! खायचं नाहीये इथे."

"मी कुठे खातेय? आपण खायचं नाही. पण ज्याची जागा आहे त्या राखणदाराला भर दुपारी उपाशी ठेवून जायचं?"

त्यांच्या गावी हीच रीत. अनोळखी रानात डबा उघडला, की पहिला घास जागेच्या राखणदाराचा. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट पान मीच तोडून दिलं.

आईंनी भिंतीवरच्या दगडावर पान ठेवलं. त्यावर दहीभाताचा घास. भोवती पाण्याची धार. हात जोडून म्हणाल्या, "पोरं परक्या मुलखात आहेत. सांभाळ रे बाबा."

आणि...

सिकाडा थांबले.

सकाळपासून झाडाझाडात ते किडे किर्रर्र करत होते. एकदम सगळे गप्प.

वाराही नव्हता.

आम्ही उतरायला लागलो. मी आणि गुरुनाथ पुढे. मागून आईंच्या बांगड्या. छुन... छुन... छुन...

बराच वेळ.

मग समोरच्या वळणावरून हाक आली. "अरे, किती मागे राहता?"

आई पुढे होत्या. आमच्यापासून शंभरेक पावलं पुढे.

बांगड्या मात्र मागेच वाजत होत्या...

गुरुनाथने माझा हात धरला. आम्ही वळून पाहिलं. वाट रिकामी.

आवाज हळूहळू डोंगर चढून परत गेला.

आईंना गाठलं तेव्हा त्या खडीवरून चालत होत्या. माझ्या बुटांखाली खडी करकरत होती. त्यांच्या पायाखाली...

काहीच नाही.

"आई?" गुरुनाथ म्हणाला.

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. पुन्हा हलले. मग त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला.

मी तिथेच त्यांना हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, माझी बोटं दाबायला लावली. पक्षाघाताची एकही खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळं तपासून झालं. घसा ठीक, मेंदूही ठीक.

त्या संध्याकाळी ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टन भागातल्या आमच्या घरात आईंनी भांडी घासली. स्टीलची ताटं, वाट्या, पातेली. मी बाजूला उभी होते. वाटी सिंकमध्ये पडलेली मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसली.

वाजली नाही.

मला रडू यायला हवं होतं. मी भांडी पुसून ठेवली.

मंगळवारी मी वॉर्डमधल्या अरोहाला सांगितलं. ती माओरी, आमची सीनियर. तिच्या आईची माणसं त्या बेटाकडचीच. डोंगराचं नाव ऐकून तिने हातातला चार्ट खाली ठेवला.

"शिजवलेलं अन्न?" एवढंच विचारलं तिने.

"मान म्हणून ठेवलं, अरोहा. आमच्यात..."

"माहितीय गं. पण आमच्यात त्याहून मोठा अपमान नाही. शिजलेल्या अन्नाने तिथलं पावित्र्य मोडतं."

त्या शनिवारी तिचे मामा आमच्याबरोबर बेटावर आले. आईंना घरीच ठेवलं होतं, शेजारच्या सुनेत्राजवळ. विमानाला तीन दिवस उरले होते आणि गुरुनाथने बाबांना अजून काही सांगितलं नव्हतं. रोज फोनवर म्हणायचा, "आई झोपलीय."

मामा रागावले नाहीत. दगडावर पान तसंच होतं. त्यावरचा भात सुकलाही नव्हता. ते त्यांनी उचललं आणि बराच वेळ प्रार्थना म्हटली. मग उतारावर येऊन आम्हाला पाण्याने हात धुवायला लावले.

"आता चालत राहा," ते म्हणाले. "काही ऐकू आलं तरी थांबू नका."

पहिलं वळण गेलं. आणि मागून...

"गुरू!"

आईंचा आवाज. लख्ख.

"गुरू, थांब रे! मला सोडून कुठे चाललास?"

गुरुनाथचं पाऊल अडखळलं. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो चालत राहिला. त्याचं तोंड उघडं होतं, डोळे वाहत होते आणि तो चालत होता. हाका धक्क्यापर्यंत आल्या. "सुखदा, तू तरी!" मीही चालत होते.

फेरी सुटली तेव्हा हाक थांबली.

घरी पोचलो. किल्ली काढायच्या आत दार उघडलं.

बांगड्या वाजल्या.

मागे सुनेत्रा उभी होती. म्हणाली, "दिवसभर खुर्चीतून हलल्या नाहीत. तोंडातून शब्द नाही. आत्ता पाच मिनिटांपूर्वी एकदम 'आले वाटतं' म्हणाल्या."

गुरुनाथ उंबऱ्यातच बसला. आईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं. आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या...

"किती हाका मारल्या रे तुला. एकदाही मागे वळला नाहीस."

मंगळवारी त्यांना विमानात बसवलं. बाबांचा फोन आला, "पोचली. जशी होती तशीच आहे." हायसं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाही.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. गुरुनाथ दर रविवारी त्यांच्याशी बोलायचा. पाऊस, तब्येत, शेजारीपाजारी. पण त्या दिवशी त्या कुठून हाका मारत होत्या, हे आम्ही दोघांनी कधीच विचारलं नाही.

विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.