फितीवर न उतरलेले गाणे

रांधा, किलवणी आणि सामरवरणी इथल्या तीन वारली लग्नांत ध्वनिमुद्रण झाले. तिन्ही फितींवर ढोलाचा ठेका, बायकांची थट्टा, पोरांचा गलका असे सारे स्वच्छ उतरले होते. लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे सरुबाई, देवीला बोलावण्याचे गाणे उचलते त्या जागी मात्र तिन्ही फिती मुक्या होत्या. गाणे संपले की आवाज परत येत होता.

वैशाली मूळची चिपळूणची, सिल्वासाच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. सुट्टीत लग्नगीते जमवण्याचे सरकारी काम तिने हौसेने अंगावर घेतले होते. आता तेच काम अडून बसले होते. त्या दिवशी सकाळीच या कामावरचे अधिकारी रमाकांतसाहेब यांनी बजावले होते, "सोमवारपर्यंत गाणं पुरं हवं. नाहीतर गाडी पाठवू, म्हातारीला इथे हॉलमध्ये आणू आणि गाऊन घेऊ."

"साहेब, ते लग्नातच म्हणतात..."

"मग खोटं लग्न लावू! नवरा-नवरी काय, कुणीही उभं राहील."

ते हसले. वैशालीला हसू आले नाही.

टेपरेकॉर्डरचे सेल नवे होते. हेड स्पिरिटने पुसलेले होते. फिती वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. देवीला त्या यंत्राच्या पेटीत जायचे नव्हते, असे गावात म्हणत. जे तपासून पाहता येत नाही ते उत्तर वैशाली मानत नसे. पण आपल्यापाशी दुसरे उत्तर नाही, याची धास्ती तिला झोपू देत नव्हती.

या यंत्रामुळेच गोकुळची ओळख झाली होती. किलवणीच्या बसला धक्का बसला, तिच्या मांडीवरचा टेपरेकॉर्डर उडाला आणि शेजारच्या तरुणाने तो झेलला.

"मॅडम, हे बाळ गाणारं की ऐकणारं?"

"ऐकणारं. आणि पडलं तर माझी नोकरी घेणारं."

"मग नोकरी माझ्याच मांडीवर राहू द्या. रस्ता पुढे याहून वाईट आहे."

तो रांध्याच्या शाळेत शिक्षक होता, आणि सरुबाईचा नातू. त्यानेच तिला आजीकडे नेले. तिन्ही लग्नांत माइक धरून तोच बसला. दुसऱ्या लग्नानंतर सरुबाईने विचारले होते, "तुझी पेटी बहिरी हाय का गो, बाय?" बायका खो खो हसल्या होत्या. गोकुळ मात्र उगाचच विहीर पाहायला निघून गेला होता.

त्याच दिवशी दुपारी शाळेच्या प्रयोगशाळेत वैशालीने कानांवर हेडफोन चढवले. या खेपेला ती शांततेच्या कडा ऐकत होती. सुरुवातीला बारीकसा 'टक्'. शेवटी पुन्हा 'टक्'. हा आवाज तिच्या ओळखीचा होता: माइकच्या मुठीवरचे सरकते बटण.

तिने हेडफोन काढून ठेवले. ते बसमधले बोलणे, ती थट्टा, नदीकाठी तिची वाट पाहत उभे राहणे... सगळे काम बिघडवण्यासाठीच होते का?

संध्याकाळी दमणगंगेच्या काठी गोकुळ नेहमीच्या जागी होता. रुमालात कैऱ्या होत्या, मीठसुद्धा आणले होते.

"माइकचं बटण तुम्ही बंद करत होता."

गोकुळने रुमाल खाली ठेवला. "हो. तिन्ही वेळा."

"का?"

"आजीची एकच अट होती. मांडवात हे गाणं म्हटलं की देवी येते. बाहेर कुणी वाजवलं, तर तिला बोलावून दारात उभं ठेवल्यासारखं होतं."

"मग मला सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं, तर तुम्हाला साहेबांशी खोटं बोलावं लागलं असतं. तुम्हाला ते जमत नाही. कान लाल होतात."

"माझे कान कधी पाहिलेत तुम्ही?"

"बटण बंद केल्यावर मला दुसरं काम नसायचं..."

रागावण्याची तिची तयारी पूर्ण होती. राग मात्र वेळेवर आला नाही. "देवी येते, हे मला पटत नाही," ती म्हणाली.

"पटावं असं मी म्हणतच नाही."

"पण गाणं आजींचं आहे. नाही म्हणायला त्यांना मला काही सिद्ध करून दाखवायची गरज नाही." साहेब गाडी पाठवून आजींना हॉलमध्ये आणणार, खोटं लग्न लावणार, हेही तिने सांगितले. "यापुढे माझ्या वतीने परस्पर काही ठरवू नका, सर."

"नाही ठरवणार." आणि मग हळूच, "पण गाडी आली तर?"

रविवारी सरुबाईच्या अंगणात जाऊन तिने स्वतः विचारले, साहेबांना काय लिहून देऊ? म्हातारी म्हणाली, "लिव. सरुबाय नाय म्हनली, असं लिव."

सोमवारी तीन फिती साहेबांच्या टेबलावर होत्या. प्रत्येकीवर वैशालीच्या अक्षरात ओळ होती: 'येथे गाणे नाही. गाणारीची संमती नाही. यंत्रात दोष नाही.'

"अपुरं काम आहे हे," साहेब म्हणाले.

"नकार मात्र पुरा आहे, साहेब. गाडी पाठवली, तर त्यांना आणायला मी जाणार नाही. आणि माझ्याशिवाय कुणी गेलं, तरी त्या गाणार नाहीत."

साहेबांनी चष्मा पुसला. "राहू दे गाडी. पण पुढच्या वर्षी हे काम तुमच्याकडे नसेल."

बाहेर चिंचेखाली गोकुळ उभा होता, चेहरा ओढलेला.

"गाडी?"

"येणार नाही. काम मात्र गेलं."

त्याने श्वास सोडला. मग चपलेने माती उकरत राहिला. "आजी माझ्या लग्नात ते गाणं म्हणणार आहे. यंत्र आणू नका."

"यंत्राशिवाय मी कशाला येऊ?"

"कारण तुमच्याशिवाय... ते लग्न खोटं होईल."

चिंचेचा पाला दोघांच्या मधे भिरभिरत पडत होता.  वैशालीला अचूक बोलायची सवय होती.

"माझा एक शोध अर्धा राहिलाय," ती म्हणाली. "बटण हातभर अंतरावर होतं. उघड्यावर, भर मांडवात. तरी तिन्ही लग्नांत मला ते दिसलं नाही."

"का?" विचारताना तो तिच्या कानांकडे पाहत होता.

"कारण मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते."