मोडून सांधलेला पाय

सोनाळ्याला मी गेले होते ती एक हाड आणायला. फार जुन्या, दगड झालेल्या हाडांवरून ते प्राणी कसे जगले हे शोधायचं, हेच माझं काम. नागपूरला कॉलेजात मी तेच शिकवते. तिथल्या इंद्रभान नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात नवी विहीर खोदताना तसली हाडं लागली होती. फोटोवरून मला ती हत्तीची वाटली, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या हत्तीची.

मे महिना होता. दुपारी चारला मी लोखंडी शिडीनं पस्तीस फूट खाली उतरले. ओल्या पिवळ्या मातीचा वास, आणि वर परातीएवढं आभाळ. ब्रशनं माती झाडत गेले तसं पुढच्या डाव्या पायाचं हाड उघडं झालं. मधोमध जाड गाठ होती. जिवंतपणीच ते मोडलं होतं आणि वाकडंतिकडं का होईना, जुळून आलं होतं. म्हणजे हा जीव त्यानंतर कितीतरी वर्षं लंगडत जगला. मला उगाच भरून आलं.

पाणी प्यायला वर आले. इंद्रभान बांधावर बसले होते. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ.

"मॅडम, त्याचा पुढचा डावा पाय मोडेल होता का जी?"

मी अजून कोणाला काहीच बोलले नव्हते. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी नाई. हाडं लागली तवापासून रोज दिवस बुडताना पावलं ऐकू येतात. तीन भारी पडतात... अन् एक घासत येते." त्यांनी विहिरीकडे पाहिलं. "घरची म्हंते, विहीर बुजवा. पन मंग संत्र्याले पानी कुठून देऊ?"

तापलेली माती निवताना आवाज करते, असं काहीतरी मी त्यांना समजावलं आणि पुन्हा खाली उतरले. हाडावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. त्या वाळेपर्यंत वरचं आभाळ तांबूस झालं.

तेव्हा ते सुरू झालं. धप्प. धप्प. धप्प. मग काहीतरी जड ओढल्यासारखं... खरर.

आवाज वरून नव्हता. मातीच्या भिंतीआडून येत होता, माझ्या तोंडासमोरून.

"इंद्रभानभाऊ..."

"मी वरच हाय." त्यांचा आवाज अगदी दबका होता. "हाड राहू द्या. वर या... बोलू नका."

मी शिडी चढू लागले. पावलं भिंतीपर्यंत आली आणि थांबली. मी काठावर पाय ठेवला, आणि खालची ती बाजू सबंध ढासळली. मी गुडघे टेकून बसले होते तिथं आता पुरुषभर माती होती. हाडं गेली, शिडी गेली. वर ओढून घेताना धरलेला माझा दंड इंद्रभान यांनी बराच वेळ सोडला नाही.

सकाळी ते कमरेला दोर बांधून उतरले. वर दोर धरून त्यांची बायको पुष्पाबाई आणि दोन शेजारी उभे होते. वर आल्यावर ते म्हणाले, "भिंतीमांगं पोकय जागा हाय. खोलीएवढी. आत जायाले वाट कोनीकडूनच नाई. पन माती घासून घासून गुयगुयीत झाली हाय... आपला बैल खांबाले अंग घासते ना, तशी."

दुपारी इंद्रभान यांनीच जेसीबी बोलावला आणि विहीर बुजवून टाकली.

मला एसटीत बसवून द्यायला ते आले. गाडी सुरू झाली तसे खिडकीशी वाकले.

"एक सांगतलं नाई मॅडम. पुष्पालेबी नाई. त्या मातीले मी हात लावला..."

मी खिडकीतून कान पुढे केला.

"कोमट होती."