किल्ल्यात राहिलेला उजेड

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय आणि मी अजून त्यातून सुटले नाही.

उत्तर वेल्समध्ये, खाडीकाठी आमचा किल्ला. त्याचं दार मी, टेगवेन, उघडते आणि लावते. गेल्या ऑक्टोबरअखेरची ती संध्याकाळ. दारासमोरच्याच घरात माझी मुलगी मेरेरिद राहते. तिचा लहानगा गेथिन तापाने फणफणला होता. डॉक्टरही फारसं बोलत नव्हते. माझा जीव तिकडेच लागला होता.

नेहमीसारखी घंटा वाजवली. तटावर रेंगाळणाऱ्या पर्यटकांना खाली हाकललं. सगळे गेले.

मग वरच्या बुरुजात उजेड दिसला...

लहानसा. निळसर.

असेल कोणी फोटोवाला, म्हणून मी वैतागले. सवयीने ओरडले, "चला, बंद झालंय. दार इकडे आहे."

उजेड जिना उतरू लागला... पावलं मात्र वाजत नव्हती.

खाडीवरचे सीगलही गप्प झाले होते.

तो चौकात आला, तेव्हा नीट दिसलं. दिवा धरणारा हातच नव्हता. माणूसच नव्हतं.

आई सांगायची, असा दिवा ज्या घरी जातो, तिथलं माणूस जातं. मोठा लाल दिवा मोठ्या माणसाचा. लहान निळा... लेकराचा. तो दिसला की मुकाट्याने बाजूला व्हायचं, त्याच्या वाटेत यायचं नाही.

आणि मी तर त्याला हाक मारून दार दाखवलं होतं.

तो सरळ माझ्याकडे येत होता. माझ्या पाठीमागे मेरेरिदची खिडकी.

मी बाजूला झाले नाही. बाहेर पडून दार ओढलं, कुलूप घातलं.

सकाळी गेथिनचा ताप उतरला. "आई, त्याने लोणी-पाव मागितला," मेरेरिद रडत म्हणाली. मीही रडले.

पण तो उजेड गेलेला नाही. रोज कुलूप लावलं की दाराच्या फटीत येऊन थांबतो... आतून.

उद्या मी निवृत्त होतेय. चाव्या दक्षिणेतल्या कार्डिफहून आलेल्या एमलिनकडे जाणार. भला माणूस. त्याला सगळं सांगितलं, कुलूप घातल्यावर आत काहीही दिसलं तरी उघडू नकोस म्हणून विनवलं.

तो हसत सुटला. "मावशी, तुम्ही उत्तरेकडची माणसं म्हणजे कमाल आहात. आत कोणाचा दिवा दिसतोय आणि मी त्याला कोंडून घरी जाऊ? इतका काही मी दुष्ट नाही."

मेरेरिद घर सोडायला तयार नाही. गेथिनला ती खिडकी फार आवडते.