मापाचा माणूस

हळू बोलतो, मेहुणे आतल्या खोलीत झोपलेत. आणि भाचीबाई, ती कॅमेऱ्याची बॅग आधी खाली ठेव. उद्या मैत्रिणींबरोबर डोंगरात फोटो काढायला जायचंय म्हणतेस, जा. मी नको म्हटलं म्हणून तू थोडीच थांबणार आहेस? पण ही बॅग इतकी वर्षं माळ्यावर का पडली होती, ते ऐकून जा. तुझ्या बाबांना विचारू नकोस. मला त्यांनी एकदाच सांगितलं, आणि विषय बंद.

तेव्हा आमचे हे मेहुणे आठवडाभर बँकेत मान खाली घालून बसायचे आणि सुट्टी लागली की गाडी काढायचे. हौसेला मोल नसतं. डोंगर, तळी, ओसाड माळ, जिथे कुत्रंही फिरकायचं नाही तिथे हे ट्रायपॉड रोवून उभे. नुसता सुंदर देखावा त्यांना चालायचा नाही. ‘फोटो बघणाऱ्याला तिथली शांतता ऐकू आली पाहिजे,’ म्हणायचे. त्यासाठी त्यांची एक युक्ती होती. एवढ्या मोठ्या देखाव्यात कुठेतरी एक माणूस उभा करायचा, मुंगीएवढा. मग खडक केवढा, आभाळ केवढं, ते कळतं. त्याला ते ‘मापाचा माणूस’ म्हणायचे. वाटेत भेटेल त्या नावाड्याला, मेंढपाळाला उभं करायचे. कुणी नाहीच मिळालं तर माझी बहीण होतीच. ‘अजून जरा मागे… अजून जरा…’ एकदा ती बिचारी अशीच मागे सरकत काटेरी झुडपात जाऊन बसली. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती गाडीत एकेक काटा उपटून मेहुण्यांच्या मांडीवर ठेवत होती.

तर, मार्चमधला दुसरा शनिवार. पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेले, म्हणजे चंद्र उशिरा उगवणार. तू पोटात होतीस, सातवा महिना. दवाखान्यात तपासणी करून दोघं रात्रीचे परत येत होते. वाटेत एक बंद पडलेली दगडाची खाण लागते, आता तिच्यात पाणीच पाणी. मेहुण्यांनी गाडी कडेला घेतली.

“दहा मिनिटांत आलो.”

“तुमची दहा मिनिटं मला माहीत आहेत,” बहीण म्हणाली. “पुढचं बघत बसता, मागचं कोण बघणार?” आणि सीट मागे टाकून तिने डोळे मिटले.

खाणीच्या मधोमध दगडाची एक रुंद भिंत तशीच सोडलेली होती. दोन्ही बाजूंना खोल पाणी. थोडं चाललं की भिंत काटकोनात डावीकडे वळायची आणि पुढे जाऊन मध्येच संपायची. मेहुण्यांनी वळणाच्या कोपऱ्यावर ट्रायपॉड लावला, तोंड त्या तुटक्या टोकाकडे. म्हणजे पाठीमागे वाट नाही. पाठीमागे चार पावलं दगड, मग पाणी.

पलीकडे चंद्र उगवायच्या बाजूला आभाळ उजळायला लागलं होतं. आणि त्या उजेडात दिसलं, भिंतीवर पुढे कुणीतरी बसलंय.

खाणीचा राखणदार असेल, मेहुण्यांना वाटलं. देवच पावला म्हणायचं.

“काका, जरा उभे राहता का? फोटो काढतोय.”

तो उभा राहिला.

मेहुण्यांनी डोळा कॅमेऱ्याला लावला. माणूस मोठा दिसत होता.

“जरा मागे सरका, काका.”

तो सरकला. तोंड इकडेच.

“अजून जरा मागे.”

तो सरकला. फोटो काय जमत होता म्हणून सांगू! काळा खडक, थंडगार पाणी आणि एवढासा माणूस. मेहुणे बटण दाबत गेले. “अजून जरा… अजून…”

तेवढ्यात चंद्र वर आला.

भिंत कुठे संपते ते आता स्वच्छ दिसत होतं. तो माणूस तिच्या पुढे होता. बराच पुढे. त्याच्या पायाखाली काही नव्हतं. खाली, खूप खाली, पाणी.

मेहुण्यांचा डोळा कॅमेऱ्यावरून निघेना.

त्या माणसाने हात वर केला. तळवा पुढे. मागे सरका, असं खुणावत.

एवढ्या लांबून आवाज यायला नको. पण आला. कानाशी. मेहुण्यांचाच आवाज, त्यांच्याच सुरात.

“अजून जरा… मागे.”

एक पाऊल मागे गेलं. त्यांनी टाकलं नव्हतं. गेलं.

“अजून जरा…”

दुसरं.

तिसरं.

“अजून…”

चौथं टेकवायला गेले… टाच टेकेना.

आणि गाडीचा हॉर्न वाजला. लांबलचक. मेहुणे दचकून पुढे कोसळले आणि दगडाला मिठी मारून पडून राहिले. मान वर केली तेव्हा समोर चंद्र, पाणी. बाकी कुणी नाही.

बहीण सांगते, ती गाढ झोपली होती. पोटातून अशी लाथ बसली की कळवळून उठली. आजूबाजूला अंधार, नवऱ्याचा पत्ता नाही, म्हणून हॉर्न दाबला तो दाबूनच ठेवला. ती लाथ तुझी, बाई. तुझे बाबा आजही तुला कधी रागावत नाहीत, त्याचं कारण हे. आणि कुठेही गेले तरी भिंतीला पाठ लावून बसतात, त्याचंही हेच.

घरी आल्यावर त्यांनी फोटो पाहिले. खडक, पाणी, आभाळ. माणूस एकाही फोटोत नाही… शेवटचा सोडून. तो शेवटचा त्यांनी छापून घेतला, मला दाखवण्यापुरता. बॅगेच्या मागच्या कप्प्यात असेल. काढ.

हं. दिव्याजवळ धर.

तुटक्या टोकाच्याही पलीकडून घेतलाय. जिथे पाय ठेवायला जागा नाही, तिथून. खाण केवढी मोठी दिसते, बघ. आणि तो मुंगीएवढा माणूस, एक टाच हवेत… ते तुझे बाबा.

आता त्यांच्या पुढे बघ. चार पावलांवर. ट्रायपॉड दिसतो? त्याच्यावर कॅमेरा?

त्याच कॅमेऱ्यात निघालाय हा फोटो.