कमलची मंजुरी

कमलचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"यशवंतराव देगलूरकर का? मी केतकी साने. बँकेच्या दक्षता विभागातून बोलतेय. आज पतसंस्थेच्या ऑफिसात येता का?"

"कशाबद्दल?"



"कमलताईंबद्दल. फोनवर नको."

यशवंतरावांनी चप्पल घातली. शेजारी कमलची चप्पल होती. ती अजून कुणी उचलली नव्हती.

हैदराबादच्या नारायणगुड्यातली ती महिला पतसंस्था कमलने उभी केली होती. शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या, शाळेत आया असलेल्या मराठी बायका तिथे पैसे ठेवत. कमल अध्यक्ष होती. शेवटच्या वर्षात आजारपणामुळे तिला जाणं जमत नव्हतं, पण खुर्ची तिचीच होती.

त्या रिकाम्या खुर्चीसमोर केतकी साने बसली होती. तिशीची बाई, पुण्याहून नुकतीच बदलून आलेली. यशवंतरावांनी सारी नोकरी सिकंदराबादला रेल्वेच्या दक्षता विभागात काढली होती. कितीतरी लोकांचे जबाब त्यांनी घेतले होते. टेबलाच्या या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते.

"त्या गेल्या, त्याच्या आधीच्या बुधवारी संस्थेची जवळजवळ सगळी शिल्लक एका बांधकाम कंपनीला कर्ज म्हणून गेली," केतकी म्हणाली. "कंपनी कुकटपल्लीची. मालक आमदारांचा मेहुणा. मी जाऊन पाहिलं. बंद गाळा आहे, बाकी काही नाही. पैसे त्याच संध्याकाळी पुढे गेले."

"मंजुरी कुणी दिली?"

"अध्यक्षांनी."

यशवंतरावांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मंजुरी याच संगणकावरून देता येते. आधी सचिवांचा पासवर्ड लागतो, मग अध्यक्षांच्या फोनवर आकडा येतो. तो इथे टाकायचा. काका, बुधवारी तुम्ही कुठे होतात?"

"सिकंदराबादला. रेल्वेच्या दवाखान्यात, तिच्या गोळ्या आणायला. दिवसभर लागला."

"घरी त्या एकट्याच?"

"हो. मुलगा, अमोल, सकाळीच कोर्टात गेला होता."

"तुम्ही त्यांना फोन केलात?"

"केला होता. दोनदा वाजला आणि कट झाला. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली, फोन वाजलाच नाही."

केतकीने मान हलवली. आजारी माणसाला झोप लागते, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

"वॉचमन गौस सांगतो, बुधवारी त्या इथे आल्या होत्या. मी शुक्रवारी त्याचा जबाब घेतला. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा."

"ती गुरुवारी दवाखान्यात गेली. त्याआधी आठवडाभर तिला मोरीपर्यंत मी धरून नेत होतो. ती इथे कशी येईल?"

"तुम्ही पती आहात, काका. तुमचा शब्द एक आणि त्रयस्थ माणसाचा एक. जबाब तुमच्या मुलासमोर झालाय. ते संस्थेचे वकील, म्हणून बोलावलं होतं. त्यांनी वाचून पाहिला."

"अमोल काय म्हणाला?"

"काही नाही. डोळे भरले होते त्यांचे." केतकीने आवाज खाली आणला. "तेरावं होईपर्यंत मी थांबले. सोमवारी पोलिसांत तक्रार जाईल. पहिलं नाव कमलताईंचं असेल."

जिन्यात चतुराबाई भेटल्या. डबे करून मुलीला शिकवलेली बाई. त्या बाजूला सरल्या नाहीत.

"भाऊजी, पोरीच्या लग्नाचे होते हो ते," त्या म्हणाल्या. "वहिनींना दवाखान्याला कमी पडत होते, तर मागायचे होते. दिले असते आम्ही. चोरायचे कशाला?"

 सोमवारनंतर नारायणगुड्यात कमलचं नाव निघालं की लोक हेच बोलणार होते.

*

"बाबा, लाइट घ्या, टेन्शन नको," अमोल म्हणाला. तो जेवत होता. "मी बघतो सगळं."

"काय बघतोस?"

"मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. तक्रारीत नाव येईल, पुढे फाइल बंद होईल. वर्षभरात लोक विसरतात."

"मी नाही विसरणार."

"तुम्ही कशाला लोकांचं मनावर घेता?"

यशवंतरावांनी भाताचा घास तसाच ठेवला. "ती खरंच गेली असेल का रे ऑफिसात?"

"आजारी माणसात कधी कधी कुठून ताकद येते, कळत नाही. परसों आपण बासरच्या देवीला गेलो होतो, तेव्हा पायऱ्या कशी भराभर चढली होती. तुम्हीच मागे राहिला होतात."

बासरला गेले होते ते कमलच्या आजाराच्या आधी. पायऱ्यांवरून वळून ती म्हणाली होती, "या लवकर, देवी जेवायला बसेल." यशवंतराव ताट सोडून उठले.

*

सचिव मंगला गल्लीच्या टोकाला राहत होती. तिने दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहून म्हणाली, "संशय घ्यायला आलात ना? बसा. आधी चहा घ्या, मग संशय घ्या."

"बुधवारी कुठे होतीस, मंगला?"

"नांदेडला. भाचीचं लग्न. सगळ्या मांडवाने पाहिलंय मला जिलेबी वाढताना. पाहिजे तर फोटो दाखवते, त्यात मी जाड दिसतेय, पण दाखवते."

"ऑफिसच्या किल्ल्या?"

"एक माझ्या पर्समध्ये. माझ्याबरोबर नांदेडला. दुसरी वहिनींची, तुमच्या घरी."

"आणि तुझा पासवर्ड?"

मंगलाने पदराशी चाळा केला. "संगणकालाच चिकटवलाय. माझ्या लक्षात राहत नाही हो. वहिनी रागवायच्या."

"ही कंपनी तुला ठाऊक होती?"

"नाव ठाऊक होतं. दोनदा कर्ज मागितलं त्यांनी. वहिनींनी दोन्हीदा नाही म्हटलं. म्हणाल्या, बायांच्या पैशाला पुढाऱ्यांची हवा लागू द्यायची नाही." तिचे डोळे वाहू लागले. "मी मॅडमना सांगितलं हे. त्या म्हणाल्या, माणूस शेवटी बदलतं. आमच्या वहिनी नाही बदलायच्या, भाऊजी."

यशवंतराव चहा न पिताच निघाले. मंगला मागून ओरडली नाही, म्हणजे तीही फार दुखावलेली होती.

*

गौस गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. यशवंतरावांना पाहून तो उठला आणि छातीवर हात ठेवला.

"बैठो, गौसभाई. एक बात पूछना है. अम्मा बुध को आये थे?"

"बुध को? कौन बोला साब?"

"तुमीच बोले ना मॅडम को."

"नईं साब! मैडम पूछे, अम्मा आये थे क्या? मैं बोला, हौ, आये थे. कब? मैं बोला, परसों."

"परसों कब?"

"अरे, परसोंइच! बोनालू के टैम पे. ऊपर चढने को नईं हुआ उनसे. यइं मेरी कुर्सी पे बैठे, मेरी बच्ची का इम्तेहान पूछे और गये. उसके बाद किधर आये अम्मा?"

देवीचे बोनालू आषाढात होतात. आता दिवाळीही होऊन गेली होती.

यशवंतराव हसले. कमल गेल्यापासून पहिल्यांदा हसले. हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. गेला महिना परसों, गेलं वर्ष परसों, मागे केव्हातरी जे झालं ते सगळं परसों. पुण्याच्या बाईने शुक्रवारी परसों ऐकलं आणि बोटांवर मोजून बुधवार लिहिला. तिची तरी काय चूक?

मग हसू हळूहळू गेलं.

"गौसभाई, बुध को तुम यहीं थे?"

"नईं साब. छुट्टी पे था. मंगलाम्मा नईं, ऑफिस बंद, तुम कायकू बैठते, जाओ घर कू बोले."

"कोण बोले?"

गौसने सांगितलं.

यशवंतराव पायरीवर बसले.

"पानी लाऊं साब?" गौसने विचारलं. ते नको म्हणाले. 

*

रविवारी दुपारी ऑफिसात चौघं बसली. केतकी, मंगला, अमोल आणि यशवंतराव. कमलच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.

"मला फार बोलता येत नाही," यशवंतराव म्हणाले. "जे आहे ते सांगतो. केतकीताई, गौसने बुधवार हा शब्द स्वतः उच्चारला होता का?"

केतकीने आठवून पाहिलं. "नाही. तो परसों म्हणाला. मी विचारलं, म्हणजे बुधवार ना?"

"कुणाला विचारलंत?"

"अमोलना. त्याची बोली मला नीट कळत नव्हती. ते हो म्हणाले."

"गौसचं परसों म्हणजे आषाढ. त्याला बाहेर उभा केलाय, विचारा. इथला कुणीही माणूस हे सांगेल. तुम्ही बाहेरच्या, तुमची चूक झाली. पण ज्याचा जन्म या शहरात झाला, त्याच्याकडून ही चूक होत नाही. तो ती मुद्दाम होऊ देतो."

अमोल म्हणाला, "बाबा, आई दवाखान्यात होती. माझं लक्ष कुठे होतं?"

"असेलही. म्हणून मी तेवढ्यावर थांबलो नाही." यशवंतराव मुलाकडे न बघता केतकीकडे बघून बोलत होते. "माझा फोन दोनदा वाजून कट झाला. आपोआप बंद पडला नाही, कुणीतरी कापला. कमल माझा फोन कधी कापत नसे. आणि तिने सांगितलं, फोन वाजलाच नाही. दोन्ही खरं असेल, तर फोन तिच्याजवळ नव्हता. तो घराबाहेर होता. तिची किल्लीही आमच्याच घरात असते. त्या दिवशी सकाळी घरातून बाहेर पडलेली माणसं दोन. मी दवाखान्याच्या रांगेत होतो, तिथे माझी नोंद आहे. मंगला नांदेडला. पासवर्ड संगणकाला चिकटवलेला. गौसला सुट्टी दिलेली. ती कुणी दिली, हे त्याने मला सांगितलं."

"कुणी?" केतकीने विचारलं.

"अमोलने."

मंगलाने तोंडावर पदर धरला.

"त्या दिवशी तू कोर्टात होतास, अमोल?" यशवंतरावांनी आता त्याच्याकडे पाहिलं. "उद्या पोलीस तिथे जाऊन विचारतील. त्याआधी मी विचारतोय."

अमोलने चष्मा काढला. 

"नगरसेवकाचं तिकीट देणार होते," तो म्हणाला. "निवडणुकीआधी त्यांना हातात पैसा हवा होता. म्हणाले, दोन महिन्यांत व्याजासकट परत करू, कुणाला कळणारही नाही."

"कोण म्हणाले?" केतकीने विचारलं.

"आमदारसाहेबच. मेहुणाही बसला होता."

"आणि आईचं नाव?"

"ते ठरवलं नव्हतं, बाबा! शपथ. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, आता आशा नाही. आणि त्याच दुपारी मॅडम आल्या. गौस परसों म्हणाला, मॅडमनी बुधवार म्हटलं. मी फक्त हो म्हणालो." त्याने चष्मा टेबलावर ठेवला. "मला तुरुंगात जावं लागलं असतं. आईला आता काय होणार होतं?"

यशवंतराव ओरडले नाहीत. मंगलाला वाटलं, ते मारतील. त्यांनी मारलंही नाही.

"तिला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

अमोलने मान खाली घातली.

"अमोल, तिला कळलं होतं का?"

"कशासाठी नेला ते नाही कळलं. फोन परत उशाशी ठेवत होतो, तेव्हा ती जागी होती. माझ्याकडे बघत होती."

"काय म्हणाली?"

"जेवलास का, म्हणाली."

रस्त्यावर भाजीवाला तेलुगूत ओरडत गेला.  त्या संध्याकाळी कमलने नवऱ्याला फोन वाजला नाही एवढंच सांगितलं होतं. फोन घरात नव्हता, हे सांगितलं नव्हतं. खोटं ती बोलली नाही. पोराला मात्र तिने झाकलं. का झाकतेय, हे तिलाही ठाऊक नसावं. पोराने तिच्या या झाकण्याचं काय केलं, ते बघायला ती उरली नाही, हे एक बरं झालं, असं यशवंतरावांना वाटलं. मग तेही बरं वाटेना.

"पुढे गेलेल्या पैशांपैकी काही खाती आम्ही गोठवलीत," केतकी म्हणाली. "हे जबाबात आलं, तर बाकीच्यांपर्यंतही पोचता येईल. बायकांचे पैसे थोडे थोडे करून मिळतील."

"आणि कमलचं नाव?"

"ते मी आजच काढते."

तिने लॅपटॉप पुढे ओढला. जुनी तक्रार पुसली आणि नवी लिहायला घेतली. मग बोटं थांबली.

"पूर्ण नाव लागेल," ती म्हणाली. "काका, तुम्ही बाहेर बसा हवं तर. मी त्यांनाच विचारते."

"नको. मी सांगतो."

अमोलने वर पाहिलं. तो लहानपणी शाळेत नाव सांगताना असाच बघायचा, बरोबर सांगतोय ना म्हणून.

"अमोल यशवंत देगलूरकर," ते म्हणाले.

मधल्या नावावर त्यांचा आवाज बसला. केतकीला ते नीट ऐकू आलं नाही.

"अमोल... काय, काका?"

"यशवंत," त्यांनी पुन्हा सांगितलं.