गेले

पहिलं प्रूफ.

"मतमोजणी पुन्हा करा, अशी मागणी करणारे एकेचाळीस जण चौकात गोळीबारात मारले गेले."

ओळीत चूक नव्हती. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात ती बावीस वर्षं प्रुफं तपासत होती. सगळे तिला काना-मात्राबाई म्हणत. यमाच्या वहीतलीही चूक काढील, असा लौकिक. त्या एकेचाळिसांत तिचे वडील होते.

"बाई, पाचवीची पोरं वाचणार," संपादक म्हणाले. "'मारले' काढा. माणूस मेला की आपण 'गेला'च म्हणतो ना?"

व्याकरणात बसत होतं. तिनं लाल रेघ मारली. एकाच शब्दावर.

घरी आई पुरुषाचा सदरा इस्त्री करत होती.

"कुणाचा गं?"

"तुझ्या बाबांचा. चौकात गेलेत ना, आले की लागेल."

रफू केलेल्या कॉलरवरून बाबांचं प्रेत ओळखणारी हीच आई. आईचं वय झालं, म्हणून तिनं मनाची समजूत घातली. पण सदऱ्याला घामाचा वास होता. ताज्या.

दुसरं प्रूफ.

"मतमोजणी पुन्हा करा, अशी मागणी करणारे एकेचाळीस जण चौकात गेले."

"अण्णा, 'गोळीबारात' कुणी खाल्लं?"

अक्षरजुळणी करणाऱ्या अण्णांनी आधीचा कागद पुढे सरकवला. "तुम्हीच काढलंत, ताई. वर खापर माझ्या माथी!"

रेघ लाल होती. खाली सही तिची.

तिनं दोन्ही शब्द समासात परत लिहिले, अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवले.

तिसरं प्रूफ.

"मतमोजणी सुरळीत पार पडली. एकेचाळीस जण चौकात फिरायला गेले."

समास कोरा.

तिनं लिहिलं : मारले. शाई ओली होती तोवर अक्षरं दिसली. मग दिसेनात. पुन्हा लिहिलं, दाबून. कागद फाटला.

चार वाजता पान छपाईला जायचं होतं. लाखभर प्रती. तिच्या सहीशिवाय यंत्र सुरू होणार नव्हतं. फाटका कागद घेऊन ती संपादकांच्या खोलीत शिरली.

"साहेब, हे खोटं आहे. मी सही करणार नाही. माझे वडील त्या चौकात..."

तीन अक्षरं.

जिभेला सापडेनात.

"...गेले."

"बरं, मग?" संपादकांनी पेन पुढे केलं. "परत किती वाजता येणार ते?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.